बोर्डाची दमणी

आमच्या गावची शाळा चौथीत संपायची. त्यापुढं शिकायचं तर अमरावती. मुलांचं त्यानं फारसं अडत नसे. कुणी नातेवाइकाकडे राही, कुणी बोर्डिंगात, कुणी सरळ पायी जाई. मुलींचं शिक्षण मात्र चौथीच्या शेवटच्या दिवशी आपोआप संपायचं. कुणी ते बंद केलं असं नसे, त्यामुळे कुणी रडतही नसे. पाटी कोनाड्यात जायची आणि मुलगी निंदायला वावरात.

माझं तसं झालं नाही, याला कारण आमची वांगी. आम्ही माळी. भातकुलीच्या सडकेला लागून आमचा मळा होता आणि आठवड्यातून तीनचार दिवस आमची बंडी, म्हणजे बैलगाडी, भाजी घेऊन अमरावतीला जायची. बाबा ठोक भाजी बाजारात घालायचे आणि माय टोपली डोक्यावर घेऊन कॅम्पातल्या बंगल्यांतून फिरायची. मी चौथी पास झाले तेव्हा माय बाबांना म्हणाली, "बंडी जातेच. इले बी घेऊन जाऊ. वांग्याइपेक्षा काई जड नाई हे."

पाचवीचं पहिलं वर्ष मी असं भाजीवर बसून काढलं. अंधारात निघायचं, मेथीच्या जुड्यांवर पोतं टाकून त्यावर झोपायचं, उजाडता उजाडता नाक्यावर जागं व्हायचं. मग शाळा उघडेपर्यंत मायच्या मागं मागं दारोदार. माझ्या परकराला सांबाराचा वास यायचा. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. वर्गात शेजारी बसणारी मुलगी नाकाला पदर लावायची. मला त्याचं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते बंडी नसेल त्या दिवसाचं. त्या दिवशी शाळा नाही. मी मळ्यात वाफ्यांना पाणी मोडत असायची आणि डोक्यात चालू असायचं की आता तिथं कविता झाली असेल, आता गणित सुरू झालं असेल. पाणी दुसऱ्याच वाफ्यात जाऊन भरायचं आणि बाबा ओरडायचे.

वर्षाच्या शेवटी शाळेतल्या बाईंनी मायला बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे, पण अर्धी शाळा बुडते. असं चालायचं नाही. नाव कमी करावं लागेल."

आमच्या भागातल्या शाळा आणि सडका लोकल बोर्डाकडे असायच्या आणि त्या बोर्डाचे अध्यक्ष एक वकील होते. त्यांच्या बंगल्यावर माय भाजी द्यायची, मागच्या दाराला. तिथं तिनं वकीलसाहेबांच्या बायकोपाशी विषय काढला. पहिल्यांदा त्या हसल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "सांगीन हं." माय दर खेपेला टोपली उतरवताना विचारायची, "सांगतलं का बाईसाहेब?" भांडायची नाही, रडायची नाही, फक्त विचारायची. शेवटी एकदा साहेब स्वतःच मागच्या दाराशी आले आणि म्हणाले, "तुमच्या एका मुलीसाठी बोर्ड गाडी कशी देणार? गावातून आणखी मुली येणार असतील तर बघू."

मग माय गावात फिरली. पाटलांची मुलगी चौथी होऊन दोन वर्षं घरी बसली होती. ती आमच्यापेक्षा मोठी, आम्ही तिला आक्का म्हणायचो. पाटलांना माळणीच्या बंडीवर मुलगी बसवणं शक्य नव्हतं, पण सरकारी गाडी म्हणजे वेगळी गोष्ट. पाटलांची जाते म्हटल्यावर आणखी घरं तयार झाली. सुताराची धाकटी तर नुकतीच चौथी झालेली, दात पडके. अशा आम्ही सहाजणी जमलो. मीही बुडलेली पाचवी पुन्हा करणार होते.

बोर्डाकडे एक दमणी पडून होती, देवी टोचणाऱ्या डॉक्टरांसाठी घेतलेली. वर छप्पर, आत गादी, हलकी चाकं. ती आम्हाला मिळाली. गाडीवान म्हातारा मुसलमान होता. आम्ही त्याला चाचा म्हणायचो आणि तो आम्हा सगळ्यांना बेटी. रात्री तो गावाबाहेरच्या दर्ग्यापाशी बैल सोडून मुक्काम करायचा, सकाळी आम्हाला घेऊन निघायचा आणि संध्याकाळी परत आणायचा.

हे ऐकताना वाटेल, प्रश्न सुटला. माझी तगमग खरी तिथूनच सुरू झाली. कारण दमणी येईल की नाही हे कुणालाच ठाऊक नसायचं. कधी बैलाचा खूर सुजायचा. कधी बोर्डाच्या कचेरीतून चाचाला दुसरं काम सांगून ठेवायचे, मग आम्हाला सोडून तो रात्रीच शहराकडे परत जायचा. आम्ही केस विंचरून, भाकर बांधून वेशीत उभ्या राहायचो आणि सडकेवर धूळ दिसते का बघायचो. मी दर थोड्या वेळानं पुलापर्यंत धावत जायची, परत यायची. आक्का दगडावर बसून पुस्तक उघडायची.

"तुले भेव नाई वाटत, नाई आली तं?" मी विचारायची.

"भेव वाटून गाडी येते का?" ती म्हणायची, पण पान उलटायला विसरायची.

हिवाळ्यातली गोष्ट. कापसाचा हंगाम जोरात होता. शाळा सुटली तेव्हा दमणी फाटकाशी नव्हती. आम्ही पायरीवर बसलो. शिपायानं वर्ग बंद केले, मग फाटकाला कुलूप लावलं, मग "येईल, येईल" म्हणत तोही गेला. आम्ही बाहेरच्या कडुनिंबाखाली उभ्या. बाईंचं घर परकोटाच्या आत कुठंतरी होतं, गल्ली कुणालाच माहीत नव्हती. माय त्या दिवशी भाजी घेऊन आलीच नव्हती. सावल्या लांब होत गेल्या. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. दुकानांपुढं बसलेली माणसं आमच्याकडे बघायला लागली होती.

आक्का उठली. "चाला," म्हणाली. "इथं उभं राहून अंधारच होऊन रायला. सडक तं माहीत हाये."

तीन कोस. निघालो तेव्हा उन्हात अजून थोडी ऊब होती. सडकेवर समोरून कापसाच्या बंड्यांची रांग शहराकडे येत होती, एकीमागं एक, शिगोशीग भरलेल्या. आम्ही कडेनं, धुळीतून, उलट्या दिशेनं चाललो होतो. गाडीवान वरून विचारायचे, "कुठी चालल्या वं पोट्ट्याहो?" आक्का उत्तर द्यायची नाही आणि आम्हालाही देऊ द्यायची नाही. काही रिकाम्या बंड्या मागून आल्या. एकानं थांबवून म्हटलं, "बसा, सोडतो." मला तर पटकन चढावंसं वाटलं. आक्कानं माझा दंड धरला. "वळखीचा नाई," एवढंच म्हणाली.

अर्ध्या वाटेवर सुताराच्या पोरीच्या पायात बाभळीचा काटा गेला. तो निघाला, पण तिला टाच टेकवेना. आक्कानं तिला पाठीवर घेतलं, मग मी, मग पुन्हा आक्का. सूर्य गेला. सडकेच्या कडेचं काही दिसेना. समोर एक जीन होती, कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिच्या भोंग्याचा आवाज झाला आणि फाटकातून बायांचा लोंढा बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या, जणू पिठात लोळून आलेल्या. त्यांच्यातली एक आमच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोणाच्या व्हय तुमी? आन् ह्या टायमाले कुठी?"

आक्कानं सांगितलं. बाईनं सुताराच्या पोरीची टाच हातात घेऊन बघितली.

"म्होरं नाला हाये, अंधार हाये. मी तं तुमाले जाऊ देत नाई. तुमचे बाप येतीन शोधत. इथंच थांबा."

जिनीच्या मागं मजुरांच्या झोपड्या होत्या. तिनं आम्हाला तिथं नेलं, आपल्या चुलीभोवती बसवलं. ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्यातली एक हळूच कुजबुजली, "कोणाच्या हातचं हाये, विचार ना." आक्कानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मग कुणी काही विचारलं नाही. मी सारखी उठून सडकेकडे जात होते. कंदील दिसला की धावायची, तो बंडीखाली टांगलेला निघायचा. शेवटी त्या बाईनं मला ओढून सरकीच्या ढिगावर बसवलं. सरकी उबदार होती. पुढचं मला आठवत नाही.

आमचे बाप खरोखरच शोधत निघाले होते, पण ते वावरातल्या जवळच्या वाटेनं गेले आणि आम्ही सडकेनं आलो होतो. रात्रभर ते शहरात फिरले. उजाडल्यावर परत येताना जिनीपाशी त्यांना सुताराची पोर दिसली, बाहेर तोंड धूत होती. बाबांनी मला उचललं ते घरी येईपर्यंत खाली ठेवलं नाही. मी एवढी मोठी होते, तरी. पाटलांनी आक्काला नुसती हातानं चालायची खूण केली. त्या बाईला मात्र त्यांनी हात जोडले.

दुपारी चाचा दमणी घेऊन गावात आला. वेशीवर माणसं जमली. कुणीतरी त्याची गचांडी धरणार होतं, पण माय पुढं झाली.

"काल कुठी होते चाचा?"

म्हाताऱ्याचे डोळे लाल होते. "बोर्ड के मेंबरसाब के घर शादी है, बाई. मेहमान आनेवाले थे, बडनेरा टेशन से लाना था. मैंने बोला, बच्चियां खडी रहेंगी. वो बोले, एक दिन से क्या होता है."

एक दिन से क्या होता है, ते पुढच्या आठवड्यात गावाला कळलं. चावडीवर ठरलं की आता पुरे. पोरी रात्रभर बाहेर राहिल्या, कोणाच्या चुलीचं खाल्लं, कोणाशेजारी झोपल्या. बाबा घरी येऊन म्हणाले, "माहं काई म्हणणं नाई. पण गावात राहायचं हाये आपल्याले." माय उद्याच्या जुड्या बांधत राहिली. मी मात्र दोन दिवस मळ्यात एका जागी टिकले नाही. विहिरीपासून बांधापर्यंत आणि बांधापासून विहिरीपर्यंत येरझारा घालत होते.

आक्काची सोयरीक नांदगाव खंडेश्वरकडे झालेली होती. तिकडून निरोप आला की सध्या राहू द्या. सध्या म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती ओसरीवर तूर पाखडत बसली होती.

"वाईट वाटते का वं?" मी विचारलं.

"लग्नाचं नाई." तिनं सूप खाली ठेवलं. "अपूर्णांक आत्ता कुठी समजून रायले होते. बाईनं सांगतलं होतं, पुढच्या आठवड्यात व्याज घेऊ." मग ती पुन्हा तूर पाखडायला लागली, इतक्या जोरात की तुरीचे दाणे अंगणभर उडाले.

हे पाटलांनी आतून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले. आमच्या दारात पाटील कधी आलेले मी पाहिले नव्हते.

"माळीणबाई," ते म्हणाले, "त्या वकिलाचं घर दाखवा."

माय म्हणाली, "मले मागचं दार माहीत हाये."

"मी पुढच्या दारानं जाईन. तुमी माह्यासंगं या."

माय मलाही घेऊन गेली. वकीलसाहेबांच्या पुढच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. पाटील खुर्चीवर बसले, माय खांबाला टेकून उभी राहिली. पाटलांचा आवाज चढत गेला. मेंबराच्या नावानं ते इतकं बोलले की साहेबांनी दोनदा हात वर केला. साहेब भला माणूस होता. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं.

"झालं ते चुकीचं झालं," ते म्हणाले. "मी त्यांना समज देईन. पण एक लक्षात घ्या. गाडी ही बोर्डाची सवलत आहे. गाडी दिलीच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. बोर्डावर बंधन नाही."

पाटील खुर्चीत मागं सरकले. कायद्यापुढं ते नेहमीच मागं सरायचे.

माय म्हणाली, "मंग बांधून घ्या ना साहेब."

"म्हणजे?"

"सवलत हाये म्हणून त्याइनं नेली. बंधन असतं तं नेली असती का? तुमी शाळा काढली. शाळा रोज उघडते ना? तुमची मेहेरबानी असली तं उघडन, नाई तं नाई, असं नाई ना? मंग गाडीचंबी तसंच करा. पोरी दूर राहतात हे काई पोरीइचा गुन्हा नाई."

साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या गावाला असं बांधून दिलं तर उद्या प्रत्येक गाव मागेल."

"मागन. मागू द्या."

साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मी खांबाभोवती फिरत होते, मायनं मला हातानं थांबवलं. शेवटी ते म्हणाले, "सभेपुढं ठेवतो. पास होईल असं मी सांगत नाही."

सभेचा दिवस येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. जेवायला बसले की उठायची, झोपले की उठायची. माय भाजी घेऊन जायची आणि परत आली की मी तिच्या तोंडाकडे बघायची. ती टोपली उतरवून आधी पाणी प्यायची. मला वाटायचं, मुद्दामच पिते.

एके दिवशी तिनं पाणी न पिताच सांगितलं. ठराव झाला होता. शाळा चालू असेल तोवर दमणी मुलींचीच, दुसऱ्या कुठल्या कामाला न्यायची नाही. चाचाचा बैल अडला तर बोर्डानं बदली बैल द्यायचा. ठराव आमच्या बोर्डापुरता होता. त्या मेंबरानं विरोध केला होता आणि दोघातिघांनी त्याला साथही दिली होती. पण झाला.

गाव लगेच तयार झालं नाही. लोक म्हणाले, पोरींसोबत कुणी बाईमाणूस पाहिजे. मायनं बाबांना ठोक भाजी घेऊन पुढं जायला सांगितलं आणि स्वतः टोपली मांडीवर घेऊन आमच्याबरोबर दमणीत बसायला लागली. आम्हाला शाळेत सोडून ती कॅम्पात फिरायची आणि सुटायच्या वेळी फाटकाशी उभी असायची. असं तिनं दोन वर्षं केलं. सहापैकी आम्ही तिघीच परत गेलो. सुताराची पोर होती त्यांत.

आक्का नव्हती. ज्यांनी व्हरांड्यात एवढा आवाज चढवला, त्याच पाटलांनी स्वतःच्या मुलीला पुन्हा धाडलं नाही. मायनं विचारलं तेव्हा म्हणाले, "माह्या पोरीचं झालं ते झालं. बाकीच्याइचं होऊ द्या." उन्हाळ्याच्या आत तिचं लग्न बार्शीटाकळीला झालं. वरातीच्या बंडीत ती बसली तेव्हा मी चाकापाशी उभी होते. तिनं वाकून मला विचारलं, "व्याज झालं का?" मी हो म्हटलं. "सोपं हाये?" मी म्हटलं, "नाई." तिला बरं वाटलं असावं. हसली.

मी सातवी पास झाले, ट्रेनिंग केलं आणि बऱ्याच वर्षांनी अकोल्याला मास्तरीण होऊन गेले. तेव्हा जर्मनीची दुसरी लढाई चालू होती. एका रविवारी मी बार्शीटाकळीला आक्काचं घर शोधत गेले. ती जाड झाली होती, आवाज तोच. तिची मोठी मुलगी पाटी घेऊन बसली होती. तिथली मुलींची शाळाही चौथीच्या पुढं नव्हती, पुढं अकोला. सर्व्हिस मोटार जायची, पण पेट्रोल मिळेना म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालायची आणि कधी यायची, कधी नाही.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. बोर्डाच्या कचेरीत जाऊन रायली मी. दोनदा जाऊन आली. साहेब म्हणते, अशी सोय देता येत नाई. उद्या पुन्हा जातो. येतं का संगं?"

मी रजा टाकली आणि गेले. कचेरीत आम्हाला बाकावर बसवलं. दुपार झाली. मी उठून दारापर्यंत जायची, कारकुनाला विचारायची, परत यायची. ती पदर आवरून बसली होती. साहेब आले, घाईत होते, उभ्याउभ्याच म्हणाले, "काय, बाई, पुन्हा?"

ती उठली. "हो. पुन्हा. आन् नाई म्हटलं तं परवाबी."

मी मधे काही बोलणार होते, मास्तरीण म्हणून माझ्या शब्दाला वजन येईल असं वाटलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्या मुलीचं सांगून झाल्यावर ती गल्लीतल्या दुसऱ्या मुलींचं सांगायला लागली, एकेकीचं, कोणाची आई दळण दळते आणि कोणाचा बाप वावरात राखणीला असतो. साहेब खुर्चीवर बसले.

पुढच्या पावसाळ्यानंतर बार्शीटाकळीच्या मुलींसाठी बंडी सुरू झाली. आक्काची मुलगी त्या बंडीतून मॅट्रिकपर्यंत गेली. मधे दोनदा ती बंडी बंद पडली. दोन्ही वेळा आक्का अकोल्याला जाऊन कचेरीच्या त्याच बाकावर बसली, आणि दोन्ही वेळा ती मला निरोप धाडायची की शाळा सुटली की ये, भाकर घेऊन ये, आज उशीर होईन असं दिसते.